पानात घडणारी लस

लस म्हटली की डोळ्यांसमोर सुई उभी राहते. त्या सुईत येण्यापूर्वी ती लस कोठे आणि कशात तयार झाली, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. वस्तुतः लसविद्येचा निम्मा इतिहास ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरलेला आहे. रोगाचे बीज कशात तरी वाढवावे लागते, मगच त्याची लस होते. आणि ते वाढवावयाचे भांडे कोणते, ह्यावर लस किती मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि कोणाला मिळेल, हे सारे ठरते.

मुंबईत देवीची लस प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी भांडे म्हणजे मुलांचे दंडच होते. एका मुलाच्या दंडावर फोड धरला की त्यातील द्रव दुसऱ्याच्या दंडात घालावयाचा, अशी ती साखळी. ती मध्येच तुटली की लस संपली. पुढे मुलाच्या दंडाची जागा वासराच्या कातडीने घेतली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. हाफकिन ह्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली प्लेगचे जंतू वाढविले, त्यांना मारून लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परंतु विषाणू हा जंतूहूनही परावलंबी. त्याला नुसता रस चालत नाही, जिवंत पेशीच लागते. म्हणून इन्फ्लुएंझाच्या लशीसाठी कोंबडीचे अंडे आले. आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या कोविडच्या विषाणूपासून जी लस २०२१ साली आपल्या लोकांना मिळाली, ती माकडाच्या मूत्रपिंडापासून चालत आलेल्या पेशींत वाढविलेली होती.

दंड, वासरू, मांसरस, अंडे, माकडाची पेशी. ह्या पंक्तीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक नवे भांडे येऊन बसू पाहत आहे. ते म्हणजे झाडाचे पान. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. झाडापासून औषध ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सिंकोनाच्या सालीतील क्विनीन, सर्पगंधेच्या मुळातील रक्तदाबावरचे द्रव्य, आणि आजीबाईच्या बटव्यातील निम्म्या वस्तू ह्या झाडांच्याच. पण ती द्रव्ये झाड स्वतःच्या सोयीसाठी बनविते. आपण ती काढून घेतो, इतकेच. येथे प्रकार उलटा आहे. पानाला जे बनवावयास लावले जाते ते त्याच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेले नसते. म्हणून ह्या पानांचा काढा करून प्यायल्याने लस घेतल्याचे पुण्य पदरी पडणार नाही. हे प्रथिन पानातून काढून, गाळून, शुद्ध करून मगच टोचावे लागते. औषधाची जडीबुटी असे येथे काही नाही. पान हा कारखाना आहे.

मग परक्याचे काम पान का करते? जनुक म्हणजे पेशीला मिळालेली लेखी आज्ञा, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. कचेरीतील कारकुनापुढे सहीशिक्क्याचा कागद आला की तो कागद कोठून आला ह्याची चौकशी न करता तो कामाला लागतो. पेशीचेही तसेच आहे. विषाणूच्या अंगावरील प्रथिनाची आज्ञा तिच्या हाती पडली की ती ते प्रथिन घडवू लागते. प्रश्न एवढाच की कागद आत पोहोचवावयाचा कोणी?

हे काम मातीतील एक जंतू युगानुयुगे करीत आला आहे. ॲग्रोबॅक्टेरियम हे त्याचे नाव. गुलाब, द्राक्ष, फळझाडे ह्यांच्या खोडावर जमिनीलगत कधी कधी मोठ्या गाठी धरतात, त्या ह्याच्याच. जखमेतून हा जंतू आपल्या जनुकांचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो, आणि बिचारे झाड त्या आज्ञेबरहुकूम गाठ वाढवून ह्या पाहुण्याचे अन्न शिजवीत बसते. अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन ह्यांनी आणि बेल्जियममध्ये शेल व व्हान मोंटॅग्यू ह्यांनी हे कोडे उलगडले, आणि १९८३ पर्यंत गाठ आणणारी जनुके काढून त्यांच्या जागी हवी ती जनुके घालण्याची युक्ती साध्य झाली. टपालवाला तोच राहिला, पाकिटातील पत्र बदलले.

आता झाड कोणते? ह्या कामासाठी जगभर वापरले जाते ते निकोटियाना बेंथामियाना नावाचे रोप. तंबाखूच्याच कुळातील, पण आपल्या शेतातील तंबाखू नव्हे. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष माळावर ते मूळचे उगवते. (तंबाखू पिकविणाऱ्या आमच्या कोल्हापूर-निपाणीकडील मंडळींनी ह्यात फार आशा धरू नये, हे रोप उघड्या शेतात नव्हे, तर बंद काचघरात, मोजक्या उजेडात वाढवितात.) ह्या रोपाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा दुबळेपणा. विषाणूंना परतवून लावणारे जे एक जनुक इतर झाडांत असते, ते प्रयोगशाळेत वाढविल्या जाणाऱ्या ह्या वाणात मोडलेले आहे. त्यामुळे परक्या आज्ञेला ते विरोध करीत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने कुचकामी असलेला हा गुण शास्त्रज्ञांच्या पथ्यावर पडला.

कृती ऐकावयास अगदी साधी आहे. चार-सहा आठवड्यांची रोपे कुंड्यांसकट उलटी करून, जंतू कालविलेल्या पाण्यात त्यांची पाने बुडवावयाची आणि ते पात्र बंद करून आतील हवा ओढून घ्यावयाची. पानाच्या आतील पोकळ्यांतील हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. मग एकदम हवा आत सोडली की, पाण्यात दाबून धरलेला स्पंज सोडल्यावर जसा पाणी पितो, तसे पान ते जंतूंचे पाणी पिऊन टाकते. क्षणभरात ते ओलेचिंब, गडद दिसू लागते. रोपे पुन्हा सुलटी करून आठवडाभर काचघरात ठेवतात. तेवढ्यात पानातील असंख्य पेशी आपले काम करतात. मग पाला खुडावयाचा, वाटावयाचा, गाळावयाचा आणि त्यातून हवे ते प्रथिन वेगळे काढावयाचे. झाडाच्या बीजात हा बदल कायमचा करावयाचा तर महिनोन् महिने जातात. येथे बदल त्या पानापुरताच आहे. त्याला पुढची पिढी नाही. वेगाचे रहस्य तेच.

शिवाय पेशी कित्येकदा नुसते प्रथिन बनवून थांबत नाही. विषाणूच्या कवचाची प्रथिने पुरेशी झाली की ती आपोआप एकमेकांत गुंफली जाऊन विषाणूच्याच आकाराचा पोकळ गोळा तयार होतो. शेंगेतील दाणे काढून घ्यावेत आणि टरफल तेवढे मिटून ठेवावे, तसा तो असतो. बाहेरून हुबेहूब विषाणू. आत मात्र वंशवृद्धीची सामग्री मुळीच नाही. शरीरातील पहारेकरी त्याला पाहून सावध होतात, आणि रोग होण्याची भीती नाही. एकही जिवंत विषाणू कारखान्यात न आणता त्याची लस करता येते, ही काही लहानसहान सोय नव्हे.

ह्या विद्येच्या आरंभीच्या काळात लोकांच्या मनाने घेतले ते मात्र वेगळेच स्वप्न. १९८९ साली तंबाखूत प्रतिपिंड तयार झाले, १९९२ साली एका प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे कवच तयार झाले; आणि त्या दुसऱ्या प्रयोगातील शास्त्रज्ञ चार्ल्स आर्ंट्झन ह्यांनी मांडले की, लस केळ्यातच पिकवली तर गरीब देशांतील मुलांना सुईही नको आणि शीतपेटीही नको. कल्पना मोठी गोड होती. १९९८ साली माणसांवर पहिला प्रयोग झाला तो बटाट्याचा. जुलाब आणणाऱ्या एका जंतूच्या विषातील निरुपद्रवी भाग त्या बटाट्यात होता. तो ११ जणांनी कच्चा खाल्ला, कारण उकडला तर प्रथिन नासते, आणि त्यांपैकी १० जणांच्या रक्तात प्रतिपिंड वाढले. पण एक केळे लहान, दुसरे मोठे; एक पिकलेले, दुसरे हिरवे. मात्रा मोजावयाची कशी? आणि लशीचा बटाटा भाजीच्या टोपलीत जाऊन पडला तर? ही नुसती शंका राहिली नाही. २००२ साली अमेरिकेत नेब्रास्का प्रांतात प्रोडिजीन कंपनीच्या अशाच मक्याची आपोआप उगवलेली ताटे पुढल्या हंगामातील सोयाबीनमध्ये मिसळली, आणि ५ लाख बुशेल सोयाबीन नष्ट करण्याची पाळी आली. त्या मक्यात डुकरांच्या रोगावरील लशीचे प्रथिन होते. खावयाच्या पिकात औषध पिकवू नये, हा धडा तेव्हापासून बहुतेकांनी घेतला. आमच्या मते तो फार पूर्वीच घ्यावयास हवा होता.

पानाच्या भांड्याचा एक मोठा गुण मात्र एका वेगळ्याच रोगाच्या निमित्ताने जगापुढे आला. गोशे नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक रोगात शरीराला एक विकर कमी पडते व ते जन्मभर टोचून घ्यावे लागते. हे विकर प्राण्यांच्या पेशींत तयार होत असे. २००९ साली अमेरिकेतील ॲल्स्टन येथील कारखान्यात त्या पेशींनाच एका विषाणूची बाधा झाली, कारखाना धुऊन काढावा लागला आणि रोग्यांवर औषधाशिवाय दिवस काढण्याची वेळ आली. इस्राएलमधील एका कंपनीने तेच विकर गाजराच्या पेशींत तयार केले होते. २०१२ च्या मे महिन्यात त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. प्राण्याचा विषाणू गाजराला होत नाही, हे उघडच आहे. पण त्याचे मोल माणसांना कळावयास औषधाचा असा दुष्काळ पडावा लागला.

आता इबोलाकडे वळू, कारण ह्या विद्येची खरी कसोटी तेथे लागली. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा झीमॅप नावाचे एक औषध जगात होते. तीन निरनिराळ्या प्रतिपिंडांचे ते मिश्रण. अमेरिकेतील केंटकी प्रांतात ओवेन्सबरो गावी बेंथामियानाच्या पानांत तयार केलेले. झाड प्रथिनाला ज्या जातीची साखर चिकटविते ती माणसाच्या साखरेहून निराळी असते. म्हणून ह्या औषधासाठी तशी साखर न चिकटविणारे खास वाण वापरले होते. १८ माकडांना इबोला देऊन, पाच दिवसांपर्यंत थांबून हे औषध दिले तरी अठराच्या अठरा वाचली होती. पण माणसाला ते कधीच दिलेले नव्हते.

सिएरा लिओन देशातील विषाणुज्वरांचे जाणते डॉक्टर शेख उमर खान हे रोग्यांची सेवा करता करता स्वतःच इबोलाने पडले. त्यांना ठेवले होते त्या कैलाहुनच्या केंद्रातच झीमॅपचा थोडा साठा होता. न तपासलेले औषध ह्या माणसाला द्यावे की नाही, ह्याचा तेथील डॉक्टरांनी खल केला. त्याने अपाय झाला तर लोकांचा उपचारांवरचा उरलासुरला विश्वास उडेल, हे भय होते. औषध दिले गेले नाही. २९ जुलै २०१४ रोजी डॉ. खान वारले. पुढे थोड्याच दिवसांत लायबेरियातील दोन अमेरिकन रुग्णांना, डॉ. केंट ब्रँटली व नॅन्सी राइटबोल ह्यांना ते दिले गेले आणि दोघेही जगले. अर्थात ते औषधाने जगले की उत्तम शुश्रूषेने, हे दोन माणसांवरून सिद्ध होत नाही. लायबेरियातीलच डॉ. अब्राहम बोर्बोर ह्यांना झीमॅप मिळूनही ते वाचले नाहीत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत सारा साठा संपला.

एवढ्या लवकर का संपला, ह्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वजनाच्या दर किलोस ५० मिलिग्रॅम अशी त्याची मात्रा, आणि ती तीन वेळा. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ ग्रॅम शुद्ध प्रतिपिंड लागणार. किलोभर पाल्यातून ते ग्रॅमभरही निघत नाही. एका रोग्यासाठी पाल्याचा केवढा भारा वाटावा लागेल, हे ह्यावरून दिसेल. रोपे आठवड्यात काम करतात, पण भारा वाटणारा, गाळणारा आणि शुद्ध करणारा कारखाना जेवढ्यास तेवढाच राहतो. पुढे रीतसर चाचणी झाली तेव्हा झीमॅप मिळालेल्या ३६ पैकी ८ दगावले, न मिळालेल्या ३५ पैकी १३. आशा वाटावी असा हा फरक; पण साथ ओसरल्याने रोगी पुरेसे मिळाले नाहीत आणि निर्णय लागला नाही. तो लागला काँगोमध्ये, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. तेथे झीमॅप मिळालेल्यांत शंभरी सुमारे ५० मृत्यू झाले, तर दुसऱ्या दोन प्रतिपिंड-औषधांनी ते प्रमाण ३४-३५ वर आणले. ती दोन्ही प्राण्यांच्या पेशींत तयार केलेली आणि एकदाच देण्याची. त्यांपैकी एक तर १९९५ सालच्या इबोलातून वाचलेल्या माणसाच्या रक्तावरून शोधलेले. हार झाली ती पानाची नव्हे, पानाला दिलेल्या आज्ञेची. पण हार ती हारच, आणि झीमॅप तेथे मागे पडले.

कोविडच्या वेळची कथा ह्याहून चमत्कारिक आहे. कॅनडातील क्वेबेक येथील मेडिकागो कंपनीने २०१२ सालीच अमेरिकन सरकारच्या परीक्षेत एका महिन्यात इन्फ्लुएंझाच्या १ कोटी मात्रांइतके द्रव्य पानांतून काढून दाखविले होते. अंड्यांच्या वाटेने ह्याला सहा-सहा महिने लागतात. शिवाय कोंबड्यांचाच ज्वर आला तर अंडी आणावयाची कोठून? २०२० साली कोविडच्या विषाणूचे जनुक हाती येताच २० दिवसांत ह्या कंपनीने त्याचे पोकळ टरफल पानांत तयार केले. पुढे सहा देशांतील सुमारे २४,००० माणसांवर चाचणी झाली, लस सुमारे ७० टक्के प्रभावी ठरली, आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी कॅनडाने तिला मान्यता दिली. माणसासाठी पानात तयार झालेली, मान्यता मिळालेली जगातील ही पहिली लस.

टरफलाला २० दिवस आणि मान्यतेला दोन वर्षे. मधल्या काळात आरएनएच्या लशी येऊन कोट्यवधींच्या दंडांत गेल्या होत्या. वेगाचा जो मान पानाचा म्हणून सांगितला जाई, तो त्यांनी पळविला. भरीस भर म्हणजे मेडिकागोत फिलिप मॉरिस ह्या सिगारेट कंपनीची भागी होती. तंबाखूच्या व्यापाऱ्यांशी संबंध ठेवावयाचा नाही हे जागतिक आरोग्य संघटनेचे धोरण. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये तिने ही लस विचारात घेण्याचे थांबविले. तत्त्व योग्यच होते, असे आम्हांलाही वाटते. पण साध्या शीतपेटीत टिकणारी ही लस ज्या गरीब देशांना सोयीची झाली असती, त्यांचीच वाट त्याने बंद झाली, हेही नाकारता येत नाही. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये मालक असलेल्या मित्सुबिशी उद्योगसमूहाने कंपनी बंद करण्याचे जाहीर केले. लशीची मागणी ओसरली होती आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अपेक्षेप्रमाणे जमत नव्हते. कंपनीतील काही शास्त्रज्ञांनी तेथेच आरॅमिस नावाची लहान संस्था काढून काम पुढे चालविले. तिकडे थायलंडमध्ये चुलालाँगकॉर्न विद्यापीठातील मंडळींनी २०२१ साली स्वतःच्या पानांतील लशीची माणसांवर चाचणी सुरू केली, ती श्रीमंत राष्ट्रांकडे तोंड पाहत बसावयाचे नाही ह्या जिद्दीने.

एवढे सारे पाहिल्यावर पानाचे भांडे कोठे उपयोगी, ह्याविषयी आमचे मत असे झाले आहे. साऱ्या जगाला एकाच वेळी पुरेल एवढी लस करण्यात ते इतरांना हरवील, असे दिसत नाही. पण काही रोग असे आहेत की ते क्वचित उठतात, थोड्या माणसांना गाठतात आणि गाठले की बहुतेकांना नेतात. त्यांच्यासाठी पोलादी टाक्यांचा कोट्यवधींचा कारखाना कोणी चालू ठेवीत नाही, नफाच नसतो. अशा रोगासाठी दोन-चारशे मात्रांचा साठा करावयाचा, तो शिळा झाला की पुन्हा रोपे लावावयाची, आणि एरवी त्याच काचघरात दुसरे काही घडवावयाचे, हे पानाला जमण्यासारखे आहे.

निपाह हा तसा रोग. २०१८ च्या मे महिन्यात केरळात कोझिकोडे येथे तो उठला. निदानावर शिक्कामोर्तब पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. सरकारी गणतीप्रमाणे १७ माणसे गेली. त्यावर एक प्रतिपिंड-औषध ऑस्ट्रेलियात होते. ते पानातले नव्हे, प्राण्यांच्या पेशींतले. ते मागविले गेले, पण विमानाने येऊन पोहोचेपर्यंत साथ ओसरली होती. २०२३ च्या सप्टेंबरात कोझिकोड्यास निपाह पुन्हा आला. त्या वेळी देशाच्या साठ्यात हे औषध १० रोग्यांपुरते होते, आणि आणखी २० मात्रांसाठी ऑस्ट्रेलियाकडेच मागणी नोंदविण्यात आली.